मुलाचं फिटनेस सर्टिफिकेट हवं, मग तलावाचं का नको?

एप्रिल सुरू झाला की प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर एक ठरावीक कागद येऊ लागतो. उन्हाळी जलतरण स्पर्धेचा प्रवेश अर्ज. त्याच्या तळाला एक चौकट असते : ‘स्पर्धक पोहण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे. डॉक्टरांची सही व शिक्का.’ त्याशिवाय अर्ज स्वीकारत नाहीत. हे योग्यच आहे. मुलाला दमा आहे का, कधी फिट आली होती का, कानाचा पडदा फाटलेला आहे का, पोहताना किंवा धावताना कधी शुद्ध हरपली होती का, घरात कुणाचा ऐन तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे का, हे सगळं विचारूनच ती सही व्हायला हवी.

पण तोच अर्ज जरा उलटून बघा. ज्या तलावात तुमचं मूल डोकं खाली करून उडी घेणार आहे, त्याबद्दल त्यात काय लिहिलेलं असतं? नाव आणि पत्ता. बस्स. खोली किती, पाणी कधी तपासलं, जीवरक्षक किती, सावली कुठे, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येणार, यांतलं एक अक्षरही नसतं. म्हणजे आठ वर्षांच्या पोराने आपण सुरक्षित असल्याचा दाखला आणायचा आणि लाखो लिटर पाण्याने मात्र काहीच सिद्ध करायचं नाही!

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांच्या स्पर्धेसाठी तलाव निवडणं ही मांडव आणि माईकसारखी व्यवस्थेची बाब नाही. तो आरोग्याचा निर्णय आहे. तो चुकला तर डॉक्टरची सही काही कामाची नाही.

तलाव आज कसा निवडला जातो?

कुठल्याही गावातल्या आयोजकांशी बोलून बघा. निकष साधारण असे असतात : भाडं किती, पार्किंग आहे का, पालक बसतील एवढ्या पायऱ्या आहेत का, पाहुण्यांसाठी स्टेज आणि सोफा मावतो का, बॅनर रस्त्यावरून दिसेल का. त्यातून ‘पन्नास मीटरचा तलाव’ मिळाला की सगळे खूश, कारण पत्रिकेवर ‘ऑलिंपिक साइज’ असं छापता येतं. आणि काहीच जमलं नाही तर ‘आपल्या सोसायटीचा आहेच की, घरचाच’.

या यादीत वाईट काही नाही. आयोजक बहुतेक वेळा पदरमोड करून, हौसेने स्पर्धा भरवतात, हेही मला माहीत आहे. पण ही लग्नाचा हॉल निवडण्याची यादी झाली. पाण्याशी संबंधित एकही प्रश्न त्यात नाही.

पहिला प्रश्न : सूर मारतात तिथे खोली किती?

लांबीच्या आधी खोली विचारा. वर्ल्ड ॲक्वाटिक्स, म्हणजे पूर्वीची फिना, हिच्या नियमांनुसार जिथे स्टार्टिंग ब्लॉक बसवलेले आहेत तिथे भिंतीपासून १ मीटरवर सुरू होऊन किमान ६ मीटरपर्यंत पाणी किमान १.३५ मीटर खोल असावं लागतं. म्हणजे जवळजवळ साडेचार फूट. हा किमान आकडा आहे आणि तो शिकलेल्या, सराव केलेल्या स्पर्धकांसाठी आहे. ब्लॉकची उंची पाण्यापासून ५० ते ७५ सेंटिमीटर असते, हेही लक्षात घ्या.

आता आपल्याकडच्या सोसायटीच्या तलावांचा विचार करा. ते पाण्यात उभं राहून मजा करण्यासाठी बांधलेले असतात. एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेचार किंवा पाच फूट. स्पर्धा मात्र दोन्ही टोकांनी होते. रिलेमध्ये निम्मी मुलं उथळ टोकाकडूनच सूर मारतात. तिथे ब्लॉक नसला तर कुणीतरी लाकडी स्टूल किंवा पाट आणून ठेवतं!

उथळ पाण्यात सूर मारल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. डोकं तळावर आपटतं, पण धड थांबत नाही. मागून येणाऱ्या सगळ्या शरीराचं वजन मानेच्या मणक्यांवर पडतं. बहुतेक वेळा पाचवा किंवा सहावा मणका दबून फुटतो आणि त्याचा तुकडा मज्जारज्जूत घुसतो. खांदे हलतात, कोपर कदाचित वाकतं, पण हाताची बोटं, पोट, पाय, लघवीवरचं नियंत्रण, सगळं एका क्षणात जातं. इजा आणखी वर झाली तर श्वासही स्वतःचा स्वतः घेता येत नाही. मज्जारज्जू पुन्हा जोडणारं औषध किंवा ऑपरेशन आज आपल्याकडे नाही. प्लास्टरने बरं होणारं हे हाड नव्हे.

यावर हमखास उत्तर येतं, ‘मुलं लहान आहेत, फार खोल जात नाहीत.’ उलट आहे. कोच मोठ्या मुलांना सपाट, लांब सूर मारायला शिकवतात. शिकाऊ मूल घाबरून सरळ खाली जातं. त्याचा गॉगल सरकतो, हात सुटतात, आणि डोकं पुढे असतं. म्हणजे ज्याला जास्त खोली हवी त्यालाच आपण उथळ टोक देतो.

मग उथळ तलावात स्पर्धा घ्यायचीच नाही का? घ्या की! फक्त सूर मारू देऊ नका. मुलांना पाण्यात उतरवा, एक हात भिंतीला, शिट्टी झाली की भिंतीला पाय मारून सुटायचं. बॅकस्ट्रोकची शर्यत पाण्यातूनच सुरू होते, ती कुणाला कमी दर्जाची वाटत नाही. वेळ एखाद-दोन सेकंद वाढेल. सगळ्यांचीच वाढेल. गावच्या स्पर्धेत कुठला राष्ट्रीय विक्रम मोडायचा असतो?

पाणी निळं दिसतं म्हणजे स्वच्छ आहे असं नाही

निळा रंग बहुतेक वेळा तळाच्या फरशीचा असतो. खरी परीक्षा दुसरी. काठावर उभं राहून सर्वांत खोल भागातल्या तळाच्या जाळीकडे बघा. तिच्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर त्या दिवशी एकही मूल पाण्यात उतरता कामा नये. कारण साधं आहे : जी जाळी दिसत नाही, तिच्यावर निपचित पडलेलं मूलही दिसणार नाही.

जाळीवरून आणखी एक. ती घट्ट बसवलेली आणि अखंड असली पाहिजे. पंपाची ओढ एवढी जोरदार असते की तुटक्या जाळीवर केस किंवा अंग अडकलं तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशाच ओढीत अडकून गेली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे तळाच्या जाळ्यांसाठी तिच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा पालक मिळणं कठीण.

आता क्लोरीन. पाण्यात मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम असावं आणि पीएच साधारण ७.२ ते ७.८ दरम्यान असावा. पीएच महत्त्वाचा का? कारण तो ८ च्या वर गेला की तेवढंच क्लोरीन निम्म्याहूनही कमी काम करतं. भरपूर पावडर टाकली, पण पीएच बघितलाच नाही, तर पैसे पाण्यात. अक्षरशः.

बऱ्याच ठिकाणी तपासणीसाठी पिवळा रंग येणारं किट वापरतात. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं किती घाम-लघवीशी संयोग होऊन आधीच खर्ची पडलं आहे, ते कळत नाही. गुलाबी रंग येणारं डीपीडी किट मोकळं क्लोरीन वेगळं दाखवतं. तेच मागा. आणि तपासणी सकाळी एकदा करून भागत नाही. मे महिन्याच्या कडक उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन काही तासांत झपाट्याने उडतं, त्यात दीड-दोनशे मुलं उतरली की आणखी घटतं. स्पर्धेच्या दिवशी दर दोन तासांनी आकडा बघावा आणि तो फळ्यावर लिहावा. स्कोअर लिहायला फळा असतोच.

क्लोरीनने सगळं मरत नाही, हेही सांगतो. १ पीपीएमला ई-कोलाय मिनिटभरात मरतात, हिपॅटायटिस एच्या विषाणूला सुमारे १६ मिनिटं लागतात, जिआर्डियाला सुमारे ४५ मिनिटं. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी १० दिवस टिकतो. म्हणून ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याने पाण्यात उतरायचंच नाही. सराव बुडाला, पदक गेलं, तरी नाही. इथे जबाबदारी आयोजकांची नाही, तुमची आहे.

‘क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी शुद्ध’ हा गैरसमज

डोळे चुरचुरवणारा, नाकात जाणारा तो वास चांगल्या पाण्याला नसतो. क्लोरीन लघवी, घाम यांच्याशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा असतो. बंदिस्त तलावात वारा खेळत नसेल तर ते पाण्याच्या पृष्ठभागावर साचून राहतात, नेमके तिथेच जिथे पोहणारं मूल श्वास घेतं. दम्याच्या मुलाला अशा जागी खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर सुरू होते, आणि पालक म्हणतात, ‘याला पोहणं सोसत नाही.’ पोहणं सोसतं. ती हवा सोसत नाही.

उपाय महाग नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करणं आणि त्यासाठी पुरेशी शॉवर-शौचालयं असणं. दोनशे स्पर्धकांना मुलामुलींचं मिळून एकेकच शौचालय असेल तर मुलं कुठे मोकळी होणार, हे मी सांगायला नको.

ऊन : ज्याचा विचार कुणी करत नाही

‘पाण्यातच तर आहेत, ऊन कसलं लागतंय?’ स्पर्धेच्या दिवशी मूल पाण्यात किती वेळ असतं? सराव धरून पाऊण तास. उरलेले चार-पाच तास ते ओल्या कपड्यात, तापलेल्या फरशीवर, आपलं नाव पुकारण्याची वाट बघत असतं. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर असतो. त्यातून उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले की सकाळी आठची शर्यत अकराला सुरू होते आणि अंतिम फेरी भर दुपारी. पाहुण्यांच्या डोक्यावर मांडव असतो. मुलांच्या डोक्यावर रबरी टोपी.

पाण्याचं तापमानही विचारा. शर्यतीसाठी २५ ते २८ अंश सेल्सियस योग्य. उथळ, उघडा तलाव मे महिन्यात दुपारपर्यंत याच्या बराच वर जातो. हवेत घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं, पाण्यात घाम वाळत नाही. म्हणून कोमट पाण्यात जोरात पोहणारं शरीर आतून तापत जातं आणि तहान मात्र जाणवत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा इथे १० किलोमीटरच्या समुद्री शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा अव्वल जलतरणपटू गरम पाण्यात गेला. त्यानंतर खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा आली. आपल्या मुलांची ५० मीटरची शर्यत तेवढ्याने धोक्याची होत नाही, हे मान्य. पण गरम पाण्यात तासभर सराव, मग उन्हात तीन तास, मग पुन्हा शर्यत, हे गणित वेगळं आहे.

म्हणून सावली नसलेला तलाव मे महिन्यात निवडूच नये, किंवा स्पर्धा सकाळी साडेसहाला सुरू करून दहाला संपवावी, उरलेली दुसऱ्या दिवशी. पाहुणे बक्षीस समारंभाला आले तरी चालतात.

बघणारा कोण?

बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमातल्यासारखं हात हलवत नाही. तोंड पाण्याबाहेर आलं की ते श्वास घेतं, हाक मारायला श्वास उरतच नाही. वीस-तीस सेकंदांत ते शांतपणे खाली जातं. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की नुकसान कायमचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात, त्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे.

‘एवढे कोच असतात, पंच असतात, पालक असतात!’ बरोबर. कोच घड्याळ बघतो, पंच पायाची लाथ नियमात आहे का ते बघतो, पालक मोबाइलमधून स्वतःच्या मुलाला बघतात. पाण्याकडे बघणारा कुणीच नसतो. म्हणून ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही असा प्रशिक्षित जीवरक्षक हवा, आणि एकापेक्षा जास्त हवेत. माझ्या मते सर्वांत धोक्याची वेळ शर्यतीची नसतेच. शर्यतीत एका लेनमध्ये एक मूल असतं. सकाळच्या सरावात त्याच लेनमध्ये पंधरा असतात, कुणी उडी मारतंय, कुणी उलटं पोहतंय. चांगल्या स्पर्धांत सरावाला फक्त पाय खाली ठेवूनच पाण्यात उतरू देतात आणि सूर मारण्यासाठी एक वेगळी, एकाच दिशेची लेन राखून ठेवतात. तुमच्या तलावावर तेवढ्या लेन आहेत का?

मूल बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून फिरवणं, हे प्रकार बंद करा. त्यात मौल्यवान मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब सुरू करा आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आलेलं, पण खोकणारं मूल ‘ठीक आहे आता’ म्हणून घरी नेऊ नका. त्याला सहा ते आठ तास दवाखान्यात नजरेखाली ठेवावं लागतं. आणि ज्याने उथळ पाण्यात डोकं आपटलं आहे, त्याची मान आहे त्या स्थितीत सरळ रेषेत धरूनच त्याला बाहेर काढायचं असतं. त्यासाठी स्पाइन बोर्ड आणि तो वापरता येणारी माणसं लागतात.

‘आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, काय झालं?’

तुम्हाला काही झालं नाही, म्हणून तर तुम्ही हे सांगू शकता. ज्यांना झालं ते सांगायला आलेले नाहीत. शिवाय विहिरीत वीस फूट पाणी होतं, काठावर काका उभा होता आणि पाठीला सुकडीचा बिंडा किंवा डबा बांधलेला होता. आजच्या उथळ तलावात यांतलं एकही नाही.

तलाव नाही म्हणून शेततळ्यात स्पर्धा घेण्याचा मोहही टाळा. प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की इतकं निसरडं होतं की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. आणि साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूत जाणारा अमीबा असू शकतो. आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला की बहुधा प्राणघातक ठरतो. २०२४ मध्ये केरळात त्याने काही मुलं गेली. योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : ‘डॉक्टर, एवढं सगळं बघायला गेलो तर छोट्या गावात स्पर्धाच होणार नाही.’ मला स्पर्धा बंद पाडायच्या नाहीत. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या पिढीला पोहण्याइतका चांगला व्यायाम नाही. पण वरची यादी पुन्हा वाचा. पाण्यातून शर्यत सुरू करायला किती पैसे लागतात? सकाळी लवकर सुरू करायला? डीपीडी किट, एक फळा आणि दोन शिट्ट्या यांचा खर्च एका मोठ्या बॅनरहून जास्त नाही. पुण्यात बालेवाडीसारखं क्रीडासंकुल आहे, प्रत्येक तालुक्याला ते मिळणार नाही. मिळायची गरजही नाही. स्वच्छ, पुरेसा खोल, सावलीचा, पंचवीस मीटरचा साधा तलाव हा कळकट ‘ऑलिंपिक साइज’ तलावापेक्षा केव्हाही चांगला.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. दोन्ही टोकांना खोली किती? १.३५ मीटरपेक्षा कमी असेल तर शर्यत पाण्यातून सुरू करणार का?
२. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते का, आणि ती अखंड आहे का?
३. मोकळं क्लोरीन आणि पीएच त्या दिवशी कोण, किती वेळा मोजणार? आकडे सगळ्यांना दिसतील का?
४. दुसरं काम नसलेले जीवरक्षक किती? सरावाच्या वेळीही असतील का?
५. थांबण्याच्या जागी सावली, पिण्याचं पाणी, पुरेशी शौचालयं आहेत का?
६. रुग्णवाहिका काठापर्यंत येते का? त्या फाटकाची किल्ली कुणाकडे?
७. माईक आणि दिव्यांच्या वायरी पाण्यापासून दूर आहेत का? वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवलेला आहे का?

सात प्रश्न आहेत, एका फोनमध्ये संपतात. उत्तरं नीट मिळाली तर आयोजकांचे मनापासून आभार माना आणि मुलाला बिनधास्त पाठवा. ‘तुम्ही फार घाबरता बुवा’ असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे. एका पालकाला असं म्हणून वाटेला लावता येतं. सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर वीस पालकांनी तेच सात प्रश्न विचारले की पुढच्या वर्षी तलाव वेगळ्या पद्धतीने निवडला जातो. करून बघा.